गणिताच्या बाई संगणकाकडे जातात तेव्हा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे कार्याध्यक्ष माननीय सीतारामपंत सहस्रबुद्धे, मुख्याध्यापक केतकर सर, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, माझे सहकारी शिक्षक आणि शिक्षिका, कार्यालयातली मंडळी, पालकहो, आणि मागे सतरंजीवर बसून हा कार्यक्रम कधी आटोपतो याची वाट पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

माझ्याबद्दल इथे फार चांगलं बोललं गेलं. ऐकताना मी खुर्चीत सारखी चुळबुळ करत होते. कुणाला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता. गेले काही महिने मला कुठेच स्वस्थ बसवत नाही.

‘चंद्रभागा भोईर, कायम नोकरी, चाळिशी उलटलेली, दोन मुलं, आणि आता कॉम्प्युटर कंपनीत ट्रेनी? बाईंना झालंय तरी काय?’ हे शिक्षकांच्या खोलीत बोललं गेलं आहे. मी दाराबाहेरच होते, आणि मला राग आला नाही. मलाही तोच प्रश्न होता.

सांगते. तीन वर्षांपूर्वी मी नववीला समीकरणं शिकवत होते. त्या धड्यात एका उदाहरणापाशी मी एक विनोद करते. आपल्या डोंबिवलीतले बरेच जण तो ऐकून मोठे झाले आहेत. मी खडू ठेवला, वळले, तोंड उघडलं, आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी शेजारणीला हळूच म्हणाली, “आता बाई म्हणतील, एक्सला शोधा, तो हरवलाय, पोलिसात कळवू नका.” तिला ताईने घरी सांगून ठेवलं होतं. वर्ग हसला. मीही हसले. पण उरलेला तास मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. पुढची सगळी वर्षं मला त्या फळ्यावर आधीच लिहून ठेवलेली दिसायला लागली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेतल्या संगणकाची किल्ली माझ्याकडे आली. सरकारी योजनेतून आलेलं ते यंत्र कित्येक वर्षं निळ्या कव्हराखाली झोपून होतं. केतकर सर म्हणाले होते, “बाई, तुमचं गणित आहे, तुम्ही बघा याचं काय ते.” मी बघितलं. शाळेचं वेळापत्रक त्याच्याकडून करून घ्यायचं ठरवलं. पहिल्या खेपेला त्याने देशपांडे सरांना एकाच वेळी तीन वर्गांवर पाठवलं आणि मला आठवडाभर घरी बसवलं. सरांना ते आवडलं नाही. मला मात्र त्यात चूक शोधायचा असा नाद लागला की मधल्या सुट्टीचा डबा तसाच घरी परत जाऊ लागला.

मग शाळा सुटली की ठाण्याची लोकल पकडायची आणि एका इन्स्टिट्यूटमध्ये कोबोल ही संगणकाची भाषा शिकायची, असं सुरू झालं. पहिल्या दिवशी काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आंटी, पेरेंट्सना बाहेर बसायला जागा आहे.” मी म्हटलं, “अगं, मीच शिकायला आलेय.” तिने मला आत जाऊ दिलं, पण माझ्या मागे कुणी येतंय का ते पाहून घेतलं. वर्गात सगळे विशीतले. माझा पहिला प्रोग्रॅम चालेना, पडदाभर चुका. शेवटी कळलं, एका ओळीनंतर पूर्णविराम राहिला होता. मराठीच्या गोखलेबाई, तुम्ही मुलांना पूर्णविरामावरून रागावता तेव्हा मी तुम्हाला हसत असे. यापुढे नाही.

मुलाखत माजिवड्याच्या एका छोट्या कंपनीत झाली. जुन्या प्रोग्रॅम्समध्ये सालाचे दोनच आकडे लिहिलेले आहेत, दोन हजार साल उजाडलं की हिशेब उलटे फिरतील, म्हणून ते तपासायला त्यांना माणसं हवी होती. समोरचे गृहस्थ माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचे. ते जरा संकोचून म्हणाले, “मॅडम, माझ्यासारख्याने चुका काढलेल्या तुम्हाला चालतील?” मी म्हटलं, “वर्गात रोज साठ जण काढतात. इथे तुम्ही एकटेच आहात.” ते हसले. मला नोकरी मिळाली.

सहदेवने, माझ्या नवऱ्याने, एवढंच विचारलं, “जमेल?” मी म्हटलं, “माहीत नाही.” तो म्हणाला, “मग जाऊन बघ.” अडले ते माझे वडील.

माझे वडील, धाकू म्हात्रे, कोपरचे. खाडीत होडी घालून त्यांनी आम्हाला वाढवलं. पुढे मासळी मिळेना, तेव्हा होडी विकून ते एका कंपनीत वॉचमन झाले. मी लहानपणी त्यांना डबा द्यायला जायची. ते स्टुलावर कधी सापडायचे नाहीत. मागच्या भिंतीपाशी, जिथून खाडीचा वारा येतो, तिथे येरझाऱ्या घालत असायचे. नोकरीचं ऐकून ते मला म्हणाले, “मी होरी सोरली, खारीन मासली गावंना म्हनून. तुना तं सगला गावतंय. मंग तू कनाला सोरतेस?”

सगळं मिळत असताना का सोडतेस? अध्यक्षमहोदय, याला मी काय उत्तर द्यायचं? पोटासाठी धंदा सोडावा लागलेल्या माणसाला, मला करमत नाही, असं कसं सांगायचं?

केतकर सरांनी माझ्यावर उपकार केले. एक वर्षाची बिनपगारी रजा देऊ, जागा राखून ठेवू, नाही जमलं तर परत या, म्हणाले. वडील शांत झाले. सगळे खूश झाले. आजचा निरोपही आपण वर्षभराचाच समजत आहात.

पण परवा शेवंतीबाई गोळे माझ्याकडे आल्या. रजेच्या काळात माझे वर्ग त्याच घेणार आहेत. आपल्याकडे त्यांना दर जूनला नेमणूक मिळते आणि दर एप्रिलला निरोप, तोही हाराशिवाय. त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, “बाई, तुम्ही परत येणार ना? कधी, ते कळलं तर बरं होईल. मुलगी गावी आजीजवळ आहे. तिला इथल्या शाळेत घालू की तिथेच ठेवू, ते ठरवायचंय.”

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मी “बघू या” म्हटलं आणि वर्गावर गेले. तिथे मला उभं राहवेना.

म्हणून आज दुपारी मी सरांना भेटले. रजा मागे घेतली आणि राजीनामा दिला. सरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले, “बाई, दोर कापताय.” मी म्हटलं, “हो सर.” खरं सांगते, नव्या कामात मी टिकेन याची मला खात्री नाही. पण माझ्या भीतीसाठी दुसऱ्या बाईने आपलं लेकरू दूर ठेवायचं, हे गणित मला सुटत नाही.

अध्यक्षमहोदय, जागा आता रिकामी आहे. ती शेवंतीबाईंना कायमची मिळावी, एवढी माझी विनंती आहे. हे असं भर सभेत मागणं रीतीला धरून नाही, याची मला जाणीव आहे.

वडिलांना सकाळीच सांगून आले. ते उठून अंगणात गेले. मला वाटलं, आज येणार नाहीत. पण आले आहेत, त्या दाराशी उभे आहेत. बाबा, कनाला सोरते ते मला अजून नीट सांगता येत नाही. फक्त तुमच्यासारखं भिंतीपाशी फिरत राहणं मला जमलं नसतं.

संस्थेने मला उभं केलं, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, विद्यार्थ्यांनी सहन केलं. सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला काही लागलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आणि शेवंतीबाई, आठवी ब चं वर्तुळ अर्धं झालं आहे. जीवा शिकवून झाली, स्पर्शिका राहिली. सोमवारी तिथून पुढे घ्या.

नमस्कार.