दोन साखळ्यांची पंगत

आजच्या सभेचे अध्यक्ष सरपंच धोंडिबा भाऊ, प्रमुख पाहुण्या आणि कॉलेजात मला जीवशास्त्र शिकवणाऱ्या मुक्ताबाई, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, आणि वाडीतून डोंगर उतरून मळवलीच्या या शाळेत आलेल्या माझ्या मावश्यांनो, भावांनो,

आपण मला निरोप द्यायला जमला आहात. पण मी जाणार की नाही, हे अजून ठरलेले नाही! भाऊ हसताहेत, पण खरेच सांगते. मुंबईच्या एका संशोधन संस्थेने मला कामाला बोलावले आहे. वडगावच्या एका चांगल्या घराने मला मागणी घातली आहे आणि त्यांना मुंबईची नोकरी नको आहे. आबा, म्हणजे माझे वडील, काहीच बोललेले नाहीत.

आई मात्र बोलते. "तितं करणार काय तू?"

"कार्डांना भोकं पाडणार. ती कॉम्प्युटर वाचतो."

"भोकं पाडाया बी.एस्सी. कशाला गं? चाळण्या करणाऱ्याकडं गेली असतीस!"

तर आज आईला नीट सांगते. आपले रक्त लाल करणाऱ्या द्रव्यात लांबलचक साखळ्या असतात, वीस प्रकारच्या मण्यांच्या. त्यातल्या दोन साखळ्या बाईंनी मला जुळवायला दिल्या होत्या. मी त्या एकीखाली एक लिहिल्या. पहिला मणी जुळला आणि पुढे सगळा गोंधळ. यांचे काही नाते नाही, असे मी ठरवूनही टाकले.

मग वैशाखात वाडीत लग्न निघाले. आपली रीत पाहुण्या बाईंसाठी सांगते. दोन पंगती समोरासमोर बसतात. प्रत्येक घरचा एक जण या ओळीत, दुसरा बरोबर त्याच्यासमोर. वाढण्यात दुजाभाव झाला, असे कोणी म्हणू नये म्हणून. मी आमटी वाढत होते. आबा ओळीत दुसरे बसले होते. दत्तोबा मामा म्हणाले, "नवसू, पोरगी शिकवून देव्हाऱ्यात बसवतुस का काय?"

आबा भरल्या पत्रावळीवरून उठून गेले. याचा अर्थ काय, ते या सभेला सांगायला नको. त्यांच्या ओळीतल्या बाकीच्यांनी लाज झाकायला पत्रावळी ओढल्या, सरकून जागा भरली, आणि झाले! पहिले घर सोडले, तर एकही घर समोरासमोर राहिले नाही. बांधावरून ज्यांचे बोलणे बंद, ते दत्तोबा मामा आणि बुधाकाका नेमके एकमेकांसमोर आले! काका ओरडले, "आरं, सरकू नका! त्येची जागा रिकामी ठिवा, म्हंजी समदे आपापल्या म्होरं येत्याल!"

मी आमटीची बादली तिथेच टेकवली आणि घरी पळाले. एका साखळीत दुसरी जागा मोकळी सोडली, आणि काय सांगू! जागोजाग तेच मणी समोरासमोर येऊ लागले. पुढे आणखी एकदोन जागा सोडाव्या लागल्या. पण या दोन्ही एकाच जुन्या साखळीच्या लेकी, हे डोळ्यांना दिसले. मामा, रागावू नका. तुमच्या टोमण्याने शास्त्राची सेवाच झाली.

आज जगभर अशा साखळ्या वाचल्या जात आहेत, घोड्याच्या, माशाच्या, अगदी रक्त नसलेल्या गव्हाच्यासुद्धा. हाताने जुळवायला किती जन्म पुरतील? म्हणून जीवशास्त्राला कॉम्प्युटरचा हात धरायचा आहे. या विद्येला अजून धड नावही नाही. उद्या आपल्या भातावरच्या करप्याचे कोडेही कोणी असेच उलगडेल. ते काम मला करायचे आहे. आबा, मी जाऊ का? चार लोकांत तुम्हाला अडचणीत टाकायचे नाही, पण घरी विचारायला धीर होत नाही.

काय म्हणालात? जरा मोठ्याने…

मागच्यांना ऐकू आले नसेल, म्हणून मीच सांगते. आबा म्हणतात, "वडगावकरास्नी कालच न्हाई म्हणून सांगून आलोय. मुंबईला काय कळवायचं त्ये तुजं तू कळव."

मंडळी, पुढचे भाषण मला आठवत नाही.

भाऊ, बाई, आपण सर्वांनी एवढा वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. कोणाचे नाव राहिले असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर लेक समजून पोटात घाला. आणि अध्यक्ष महाराज, तुमच्या आधी खाली उतरते, याचीही माफी असावी. तारऑफिस बंद व्हायच्या आत मला मुंबईला होकार कळवायचा आहे.