न्हाणीचा पाइप

— आरं, थांबलास का उत्तरेश्वरा? एकच घाव घातलास अन् हातोडी खाली! हाण की — गिलावाच हाय त्यो, पाइपावरचा जुना गिलावा, दुसरं काय असणार? पांढरं उडालं म्हणून काय झालं, चुना बी उडतोच. तू प्लंबर हायस का नवरदेव, एवढं अंगाला जपायला? चुलाणापासनं न्हाणीपतूर बारा-तेरा फूट पाइप, दोन तासाचं काम. आज सांच्यापतूर ह्यो हितनं गेला पायजे. उद्या माझी दीक्षा येणार हाय, सोलापूरच्या दवाखान्यातनं. डागदर म्हणले, घरी न्या. बरी झाली म्हणून न्हाय रं बाबा — नुसतं घरी न्या म्हणले. अन् ती म्हणली, मला कळंबला जायचंय, आईकडं.

कसला गिलावा? — सांगते की, लपवायचं काय हाय त्यात. आमचे ह्ये, दीक्षाचे वडील, पिराजी, साखर कारखान्यात बॉयलरवर व्हते. तिथं वाफेच्या पाइपास्नी वरनं पांढरा लेप असायचा, आतली वाफ गार हुऊ नये म्हणून. मार्चात गाळप बंद झालं की जुना लेप खरवडायचा, नवा लावायचा — ह्यांचं कामच ते. खरवडलेलं टाकूनच देत्यात. मग ह्यांनी ते पोत्यात भरून सायकलीवर घरी आणलं — चोरून न्हाय हां, मुकादमाला इचारून — अन् चुलाणावरनं न्हाणीत पाइप टाकला, वर त्यो लेप. नळाला कढत पाणी! आमच्या अख्ख्या गल्लीत न्हाय, पाटलाच्या घरी न्हाय. बाया बगायला यायच्या, पाइपाला हात लावायच्या — वरनं गार, अन् आत हात भाजंल असं पाणी. लई मिरवलं म्या, खरं सांगते, लई मिरवलं.

दरसाल भेगा पडायच्या त्याला. अन् चौदा एप्रिलच्या आधी आमच्यात घर रंगवायचं असतंय, तुला ठावंच हाय — भित्तीला निळा हात, दाराला रंग, अन् आमच्या घरी पाइपाला नवा लेप. ह्यांनी नवं पोतं आणायचं, म्या परातीत मळायचं. भाकरीच्याच परातीत, दुसरी कुठं व्हती? मऊ लागायचं हाताला, कापसावानी. पोतं उलटं केलं की घरभर उडायचं, खिडकीतनं ऊन आलं की दिसायचं तरंगताना. दीक्षा चार वर्षांची. तिला एक गोळा द्यायचा — बसायची त्याच्या बारक्या बारक्या भाकरी थापत. वाळल्या की हातात चुरायची, फुंकायची. 'आई, गरम हाय गं,' म्हणायची अन् फू करायची. सगळं तोंड पांढरं. आमी हसायचो रं!

आता तिच्या छातीतनं बाटल्या भरून पाणी काढत्यात. अडतीस वय, अन् हाताची कांडकी झाली. एक डागदरीन हाय तिथली, लई शानी. तिनं मला बाजूला घेतलं अन् मोबाइलात फोटू दाखवला — मावशी, असला अ‍ॅस्बेस्टॉसचा लेप दिलेला पाइप कधी घरात व्हता का? घरातलं कुणी बॉयलरवर व्हतं का? ह्योच की रं पाइप! ह्योच! अन् म्या काय म्हणलं? न्हाय म्हणलं. दीक्षाचे वडील गेटवर व्हते, वाचमन. जावई शेजारीच हुभा, प्रेमानंद, परंड्याला मास्तर हाय. त्येनं त्यो फोटू आपल्या मोबाइलात घेतला. आजवर हितं न्हायला तवा वळखला नसंल, वरनं निळा रंग हाय ना. पर आता डोळा उघडा हाय त्याचा. म्हणून म्हणते, काढ.

सांगितलं असतं तर काय झालं असतं? म्या इचारलं की आडून — बाई, समजा असता पाइप, तर? ती म्हणली, औषध तेच, अन् येळ बी तेवढाच. मग? कशाला सांगू? पोरीनं जन्मभर सांगितलं, माझ्या बापानं मला कढत पाण्यानं न्हाऊ घातलं. मरताना तिच्यापासनं ते बी काढून घिऊ? अन् ह्यांचा काय दोष? ह्यांनी तर सांगितलं व्हतं मला—

न्हाय, काय न्हाय. तू हाण.

— सांगितलं व्हतं रं. पुण्याचा कुणी साहेब आला, म्हणला तोंडाला फडकी बांधा सगळ्यांनी. ह्ये घरी आले अन् म्हणले, भिमा, लेकराच्या हातात देऊ नकू ते, छातीला वाईट असतंय. अन् म्या? म्या म्हणलं, तुमी जन्म काढला त्यात, तुमास्नी काय झालंय? दोन वर्षांत खोकून खोकून गेले. पर तवा काय नव्हतं झालं. मला घर सारवायचं, रंगवायचं, पोरगी पायात पायात करायची — गोळा दिला की दोन तास गप. ह्यांची पाठ वळली की द्यायची म्या. अजून दोन जयंत्या दिला. ह्ये गेल्यावर बी पोत्यात उरलं व्हतं, ते बी दिलं.

काय म्हणलास? ... तुला बी पोरगी हाय? अन् तू घरी गेलास की... अंगावर उडी घेती?

ठेव. ठेव ती हातोडी. सर तिथनं, हात लावू नकू पाइपाला. शर्ट काढ. आरं लाजतोस काय, काढ — झटकू नकू! हळू, असा उलटा कर, टाक त्या बादलीत पाण्यात. तुझ्या बायकूच्या हातात द्यायचा न्हाय त्यो, ऐकतोस ना? हापशावर जा, डोकं धू, कान धू, मग घरला जा. उघडा जा. कुणी हसलं तर हसू दे.

पाइप? ऱ्हाऊ दे. उद्या जावयानं इचारलं की सांगीन दीक्षाला सगळं. जा तू.

आरं, जा की. बगत काय हुभा ऱ्हायलास?