टॉबीचे वरचे केस

विल्मा : हात नका लावू, पापा. सांगितलं ना, बांद्र्याला नेते म्हणून.

पायस : कवा नेशील? कानातनं पू येतोय त्याच्या. मानूस जवळ बसत न्हाय, एवढा वास सुटलाय.

(भाईंदरजवळच्या चौक गावातलं कोळ्याचं घर, १९४४ सालचा उन्हाळा. पायस सासरा, विल्मा सून, त्याच्या रुडॉल्फची, म्हणजे रुडूची बायको. दोघांच्या मधे पायरीवर टॉबी पडलाय, लांब कानांचा तपकिरी स्पॅनियल. एके काळी हा साहेबाच्या दिवाणखान्यात लोळायचा, हे आज कुणाला सांगून खरं वाटलं नसतं. पायसच्या हातात कात्री आहे आणि विल्माचं सगळं लक्ष त्या कात्रीकडे लागलंय.)

विल्मा : वास तुमच्या तेलाचा आहे. होडीला लावतात ते माशाचं तेल कुणी कुत्र्याला चोपडतं?

पायस : रोज पान्यात जाऊन बसतो हा. मना वाटलं, लाकडाला तेल लावलं की पानी आत जात न्हाय, तसं ह्याच्या केसांना... चुकलं गो माजं. सगळ्याचा गोळा झाला. वाळू पन त्याच्यातच बसली. म्हनून तर बोलतो, कापूया.

विल्मा : कापूया, पण तिकडे. तिकडचा अँथनी कुत्र्यांचे केस कसे कापतो ते तुम्ही बघितलं नाही. उंच टेबल आहे त्याच्याकडे. आधी कोमट पाण्यानं धुतो, सुकवतो, मग मशीन फिरवतो. पंजाच्या मधले केससुद्धा बारीक कात्रीनं काढतो. कानात कापूस घालून साफ करतो. साहेब लोक उगाच नाही त्याच्याकडे कुत्रे पाठवत.

पायस : अँथनी मोठा कारागीर, मी कुठं न्हाय म्हनतो? पन हा आता साहेबाचा ऱ्हायला हाय का? साहेब गेला विलायतेला, जाताना आपल्या बटलरच्या, आमच्या रुडूच्या गळ्यात बांधून गेला. आता म्हावऱ्याचं डोकं खातो, जाळ्यावर झोपतो. परका हात लागला तर चावल. तू धरलास तर गप बसल. घरच्या हाताला दुसरं काय नसलं तरी तेवढं असतं.

विल्मा : तुमचा हात जाळ्याला चांगला. कातडी कापली म्हणजे? गाठ पार आत चिकटलीय. केस कुठे संपला आणि कान कुठे लागला, कळायचं नाही.

पायस : म्हनून तर उजेडात बसलो.

विल्मा : नको. ह्या महिन्यात नेते. शप्पथ.

पायस : गेल्या महिन्यात बी शप्पथच व्हती.

विल्मा : गेले नव्हते का? भाईंदरपर्यंत गेले. गाडी चुकली.

पायस : बाळारामच्या बैलगाडीतनं गेलीस ना? तो स्टेशनाच्या बाजूला मिठाची पोती उतरवत व्हता. बोलला, तुमची सून बाकड्यावर बसली व्हती, कुत्रा मांडीवर. गाडी आली, गेली. दुसरी आली, ती पन गेली. गार्डानं हाक मारली, बाई, कुत्रा चढवायचाय का म्हनून. तू उठली न्हायस.

विल्मा : बाळारामला दुसरं काम नाही.

पायस : त्याच्यावर चिडू नको. तो बिचारा इतके रोज गपच व्हता, मीच खोदून इचारलं. का न्हाय उठलीस?

विल्मा : डोकं दुखत होतं.

पायस : विल्मा.

विल्मा : तिकडे गेलं की अँथनी पहिलं काय विचारणार? रुडॉल्फ कुठेय? दर खेपेला तेच न्यायचे ह्याला, मी नुसती बरोबर. काय सांगू मी?

पायस : हाय ते सांगायचं.

विल्मा : काय आहे ते? बोटीवर नोकरीला गेले, आणि बोट बुडाली. कंपनीचा माणूस दारात उभा राहून एवढंच बोलला. वाचलेल्यांत नाव नाही म्हणाला. मेलेल्यांत तरी कुठे होतं?

पायस : दर्यावर जन्म गेला माजा. दर्या परत देतो ते लगेच देतो. न्हाय दिलं तर... दोन वर्सं झाली, पोरी.

विल्मा : तुम्ही बाप आहात ना त्यांचे?

पायस : बाप हाय म्हनूनच बोलतोय. दुसरं कोन बोलनार तुज्याशी? तुजी सासू तर त्याचं नाव काढलं की टोपली उचलून बाजारात जाते. आज पन गेलीय. ए, थांब रे टॉबी, थांब... बघ, परत खाजवलं. रक्त आलं. माशी बसतेय बघ. एकदा कानात किडे पडले तर अँथनी पन काय करनार न्हाय. ह्याला तसं मरू देऊ?

विल्मा : असं बोलू नका.

पायस : मग मना खरं सांग. घरी कापायचं का बांद्र्याला, हे भांडनच न्हाय. तुना कापायचंच न्हाय.

विल्मा : ...त्या सकाळी ते ह्याच पायरीवर बसले होते. त्यांचा ब्रश पेटीत बांधून टाकलेला, म्हणून माझी फणी घेतली. सगळ्या अंगावरनं फिरवली, कान उलटे करून, शेपटीपर्यंत. मी ओरडले, आता मी काय वापरू? नुसते हसले. धड बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे, ह्याच्यातच गुंतले होते. मग बाळारामची गाडी आली. त्यांचा शेवटचा हात ह्याच्या अंगावर आहे, पापा. माझ्या नाही. वरचे केस तेव्हाचे आहेत, खालचे नंतर आले. अँथनी कापणार, झाडूनं लोटणार, दुसऱ्या कुत्र्यांच्या केसांत मिसळणार. मग माझ्याजवळ काय राहिलं?

पायस : पोरी, कुत्रा केस गाळतो. तवाचे केस आता...

विल्मा : मला ठाऊक आहे! घर कोण झाडतं रोज? कोपऱ्याकोपऱ्यातनं ह्याचेच केस निघतात. तरी मनाला सांगते, कानाचे नसतील गेले. कानाचे लांब असतात, ते राहिले असतील.

पायस : असतील. कानाचे असतील गो.

विल्मा : आणि कानाचेच आधी काढायला पाहिजेत.

पायस : हां. तेच आधी.

विल्मा : तुम्ही तेल का लावत बसायचात रोज? एकदा चुकलं, कळलं. पण रोज?

पायस : होडी विकून टाकली मी. रुडू नव्हता तर कोनासाठी ठेवायची? तेल उरलं व्हतं. सकाळ झाली की हाताला काय तरी पायजे.

विल्मा : ...द्या.

पायस : काय?

विल्मा : कात्री. तुम्ही धरा, मी कापते.

पायस : तू कापशील?

विल्मा : मीच. गरम पाणी इकडे सरकवा. बस, टॉबी, बस. माझा शहाणा. तुमचं बोट गाठीखाली घाला, पापा. कातडी आणि कात्रीच्या मधे. लागलं तर बोटाला लागेल, कानाला नाही. अँथनी तसंच करतो.

पायस : घातलं. काप.

विल्मा : हो.

पायस : काप, विल्मा.

विल्मा : कापतेय ना. थोडं... तुम्ही हलू नका.

पायस : निघालं! अख्खा गोळा निघाला. अरे देवा, आतला कान बघ, भाजल्यासारखा लाल. किती दुखत असंल. आनि तोंडातनं आवाज न्हाय.

विल्मा : हात चाटतोय माझा.

पायस : हे केस... डब्यात ठेवू काय?

विल्मा : इकडे द्या. ...नको. नुसत्या माशाचा वास येतोय. त्यांचं काही नाही ह्याच्यात. चुलीत टाका.

पायस : रडू नको गो.

विल्मा : रडू द्या. इतके दिवस मी रडलेच नाही. रडले असते तर खरं झालं असतं.

पायस : रड मग. मी धरलाय त्याला.

विल्मा : पापा, फादरकडे जायला पाहिजे. मी दर महिन्याला देवळात त्यांच्या नावानं मिस्सा सांगते, सुखरूप येऊ दे म्हणून. आता दुसरी सांगायची. मेलेल्यांची. तुम्ही सांगाल? माझ्या तोंडून नाही निघायचं.

पायस : मी गेलतो. तुना न सांगता. फादरनं इचारलं, मिस्सा कोनासाठी? नाव जिभेवर आलं आनि तिथंच बसलं. बोललो, मासळीसाठी. मासळी भरपूर मिळू दे म्हनून.

विल्मा : होडी विकल्यावर?

पायस : विकल्यावर. फादरला ठाव व्हतं. तरी वहीत मासळीच लिवली बिचाऱ्यानं.

विल्मा : दोघं जाऊ. तुम्ही अडलात तर मी सांगेन, मी अडले तर तुम्ही. आता ह्याला वळवा. दुसरा कान राहिलाय.