वृंदानं वर केलेला हात

विनायकराव, सायली, आणि जमलेल्या सगळ्यांनो,

कोणी गोमती नगरहून आलात, कोणी थेट ड्यूटीवरून. मानक नगरच्या या हॉलमध्ये एवढी माणसं मी फक्त गणपतीत बघितली आहेत. आज वृंदासाठी जमावं लागलं. बोलणं अवघड आहे. मला जरा जास्तच, कारण मला चारचौघांत रडता येत नाही. अशी बाई शोकसभेत उभी राहिली की लोकांना वाटतं, हिला काही वाटतच नाही. तसं नाही. पण सगळी नोकरी प्रयोगशाळेत गेली. जे दिसलं ते वहीत लिहायचं, एवढीच सवय. आजही तेच करते. जे झालं ते सांगते.

मला न ओळखणाऱ्यांसाठी सांगते, मी मेधा. वृंदाबरोबर झाडू मारायचे.

हसलात तरी चालेल. वृंदाही हसायची. कर्लिंग नावाचा एक खेळ आहे. बर्फावरून जड दगड सरकवायचा, समोरच्या वर्तुळात नेऊन थांबवायचा. एक खेळाडू दगड सोडते आणि दोघी त्याच्या पुढे बर्फ घासत धावतात, म्हणजे दगड लांब जातो. त्या दोघी म्हणजे वृंदा आणि मी.

लखनौत बर्फ कुठे? सरबतात. तरी हिला कुठून तरी कळलं की राज्याला महिलांचा संघ हवा आहे, राष्ट्रीय स्पर्धेला पाठवायला. मी म्हटलं, "वृंदा, आपलं वय काय, आपण बोलतोय काय?" ती म्हणाली, "मेधाताई, इथे कोणालाच खेळता येत नाही. मग आपल्याला येत नाही तर बिघडलं कुठे?" अख्ख्या राज्यातून चौघी मिळाल्या: वृंदा, मी, शबनम आणि आमची कप्तान. त्या चौघी म्हणजेच राज्याचा संघ.

सराव याच हॉलमध्ये. विनायकराव, आठवतंय ना? जुन्या कुकरमध्ये वाळू भरून तुम्ही बायकोसाठी त्याला खाली चाकं बसवून दिलीत. चाकं निशातगंजच्या बाजारातून आणलेली. रेल्वेचा माणूस, डबा दिसला की चाकं लावणारच. तो कुकर आम्ही या फरशीवरून ढकलायचो आणि पुढे झाडू घेऊन धावायचो. कॉलनीतल्या बायका दारात उभ्या राहून विचारायच्या, "भाभीजी, ये नेशनल लेवल पे भी होता है? झाड़ू?" वृंदा म्हणायची, "हाँ जी. पोछा अगले साल से."

वृंदानं इथे ऑइलपेंटनं वर्तुळं काढली होती. ती पुसलेली नाहीत. ही सतरंजी उचललीत तर दिसतील. पुढच्या तीन रांगा वर्तुळातच बसल्या आहेत.

आता खेळातला एक नियम सांगते. तेवढ्यासाठीच मी उभी आहे. चालत्या दगडाला झाडू लागला तर तो दोष. पण पंच येऊन विचारत नाही. जिचा झाडू लागला तिनं आपण होऊन हात वर करायचा आणि सांगायचं. मग दगडाचं काय करायचं ते समोरचा संघ ठरवतो. वृंदाला सगळ्या खेळात हीच गोष्ट आवडली होती. म्हणायची, "बघा ना, यात चोर स्वतःच ठाण्यात जातो."

स्पर्धा हिमाचलात होती. पहिल्यांदा खऱ्या बर्फावर पाय ठेवला आणि चौघीही आपटलो. पण कसे कोण जाणे, तिसऱ्या नंबराच्या सामन्यापर्यंत पोचलो. शेवटचा दगड आमचा. तो मधोमध थांबला तर पदक. सोडला शबनमनं. उजवीकडून मी घासत होते, डावीकडून वृंदा. दगड गेला, गेला, आणि बरोबर मधोमध थांबला. मागून शबनमची किंकाळी ऐकू आली. आमची कप्तान उड्या मारायला लागली.

दगडाला झाडू लागला होता. अगदी हलका. एवढा हलका की मनगटाला कळतो, डोळ्याला दिसत नाही.

वृंदाला मात्र दिसला. ती दोन हातांवर होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी बर्फाकडे बघितलं. मंडळी, प्रयोगशाळेत सेकंद मोजणं हेच माझं काम होतं. चार सेकंद गेले. मग वृंदानं हात वर केला आणि म्हणाली, "मेरा झाड़ू लगा है."

समोरच्या संघानं दगड काढून टाकला. नियमाप्रमाणेच. आम्ही चौथ्या आलो.

परतताना गाडीत संध्याकाळी तिनं डबा उघडला. भाकरी, शेंगदाण्याची चटणी. शबनम आणि कप्तान वरच्या बर्थवर तोंड फिरवून झोपल्या होत्या. तिच्याशी कोणी बोलत नव्हतं. मी हळूच विचारलं, "का केलंस?"

ती म्हणाली, "लागला होता ना? मग कोणीतरी सांगायलाच हवं होतं."

"पण तुझा नव्हता."

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते, मेधाताई."

मी म्हटलं, लखनौला पोचलं की सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, "तुमचं तुम्ही बघा. चटणी घ्या." त्यानंतर तिनं हा विषय कधीच काढला नाही. एकदाही नाही.

आणि मी सांगितलं नाही. तेव्हा का गप्प राहिले, असं विचाराल तर कारण साधं आहे. मला पदक हवं होतं. जन्मात मी काही जिंकले नव्हते. नंतर का गप्प राहिले? नंतर लाज वाटली. मग लाजेची सवय झाली. याहून मोठं कारण असतं तर सांगितलं असतं.

पुढच्या वर्षी संघ निवडताना वृंदाला वगळलं. म्हणाले, हात जड आहे. मला ठेवलं. मी गेले, मंडळी. आम्हाला सोडायला वृंदा चारबाग स्टेशनला आली होती, चौघींचा डबा घेऊन. नव्या मुलीला सांगत होती, "मेधाताईंच्या डाव्या बाजूला राहा, त्या उजवीकडे ओढतात." इथे गणपतीत प्रसाद वाटताना कोणीतरी दर वर्षी म्हणायचं, "वृंदाताई, जरा सांभाळून, लागेल हं." सगळे हसायचे. मीही हसायचे.

सायली, तू तेव्हा बारावीत होतीस. त्या पहिल्या स्पर्धेहून आम्ही परत आलो त्या दिवशी तू आईला म्हणालीस, "मम्मी, एक झाड़ू ही तो सँभालना था." तू चिडून बोलली नव्हतीस, वाईट वाटून बोललीस. मी तिथेच सोफ्यावर बसले होते, तुझ्या आईनं केलेले पोहे खात होते. तेव्हा तरी तोंड उघडता आलं असतं. वृंदा म्हणाली, "हो ना गं, चुकलंच." आणि मला आणखी पोहे वाढले.

ते पोहे मी संपवले. हे मला आठवतं आणि माझी मलाच चीड येते.

गेल्या महिन्यात ती हॉस्पिटलमध्ये होती. मी ठरवून गेले, की सायलीला बोलावते आणि सांगून टाकते. वृंदानं माझ्याकडे बघितलं, बर्फावर बघितलं होतं तसंच. मग विचारलं, "निशातगंजला मटार आला का हो चांगला?" मी म्हटलं, आला. अर्धा तास भाजीवर बोललो. मला वाटलं, पुढच्या वेळी. मंगळवारी फोन आला.

चार सेकंद तिनं माझी वाट बघितली, असं मी म्हटलं. ते बरोबर नाही. ती शेवटपर्यंत बघत होती. आणि मी पोचले आज, ती नसताना. याचं मला फार वाईट वाटतंय. वृंदा, फार वाईट वाटतंय.

आता आपण दोन मिनिटं उभे राहणार आहोत. त्याआधी एवढंच. आमच्या खेळात जिचा झाडू लागतो तिनं हात वर करायचा असतो. तो मी आत्ता वर करते आहे. तुम्ही शांत उभे असाल तोवर तो वरच राहील.

सायली बेटा, ये तुम्हारे लिए. और यहाँ जिनको मराठी नहीं आती, उनके लिए भी.

मेरा झाड़ू लगा था.

उभे राहूया.