भित्रेपणाची साक्ष

— काहून भाऊ, बाकाखाली काय पाहून राहिले? काई पडलं का? — नाई पडलं? मंग एवढं वाकून काहून पाह्यलं? — आता लाजू नका, समजलं मले. कोनी तरी सांगतलं असन तुमाले, का बडनेरा-अमरावतीच्या याच गाडीत बॉम फुटला होता म्हनून. बसा, आरामात बसा. तिथं माह्यं दह्याचं रिकामं गाडगं हाय, दुसरं काई नाई. ते फुटलं तं निस्ता आंबूस वास सुटन, मानूस नाई मरत त्याच्यानं. अन् ते पेटी काहून मांडीवर घेतली? खाली ठेवा न बाप्पा. तुमी नवे, त्यात पुन्याकडचे — नाई, तुमी बोललेच कुठं, निस्तं 'अहो बाई, जरा सरकता का' म्हनलं, तेवढ्यानंच समजलं — अन् पेटी अशी पोटाशी धरून बसले! लोकं पाहून राहिले न तुमच्याकडं. तवापासून या गाडीत कोनी काई पोटाशी धरलं का सारा डबा त्याच्याकडं पाह्यते. — हां, ठेवली? झालं. इंजीन आता पानी पिऊन राहिलं, वेळ हाय. मी पार्बता. रोज सकाळी बडनेऱ्याहून दही आनतो, अमरावतीच्या राजापेठेत विकतो, अन् या गाडीनं परत जातो. तुमाले कोनी काय सांगतलं असन ते असो, पन मी त्याच डब्यात होती. मीच सांगतो.

तं आमच्या डब्यात एक वामनराव होते. अर्जनवीस. कचेरीपुढच्या निंबाखाली सतरंजी टाकून बसत, लोकायचे अर्ज लिहून देत. बामनाचा मानूस, बायको कवाचीच वारेल, लेकरू नाई, बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत एकला राहे. अन् भित्रा! किती भित्रा म्हनता? मांजर आडवी गेली का मानूस घरी वापस. इंजिनानं शिट्टी मारली का दोन्ही कानावर हात. वारं लागन म्हनून वैशाखात गळ्याले मफलर — वैशाखात, भाऊ, वऱ्हाडातल्या! अन् डब्यात चढले का पह्यलं काम काय, तं छतरी घेऊन बाकाखाली टोचून पाह्यनं. रोज. साप असन म्हने. मी म्हनो, वामनराव, रेल्वेत सापाले टिकिट कोन देईन? तं ते म्हनत, "पार्बताबाई, सावध असलेलं बरं." असं हासून म्हनत, जराक मान कलती करून. डाव्या गालाले खळी पडे त्याहिच्या. — आता समोरच बसत असो मी, तं दिसन नाई का? दुसरीकडं जागा नसे म्हनून समोर बसत असो.

कार्तिकाचा महिना होता. पऱ्हाट्या फुटलेल्या, दोन्ही अंगानं वावरं पांढरीशिप्पट, बाया कापूस येचून राहिलेल्या. गाडी बडनेरा सोडून थोडकी पुढं आली असन. पुढच्या पह्यल्या किलासात पोलिसाचा मोठा साहेब राहे रोज, गोरा, त्याच्यासाठीच ठेवला म्हनतात तो बॉम. पन त्या दिवशी साहेब गेला मोटारीनं, अन् डब्यात होता कोन? त्याचा पट्टेवाला सूर्यभान. साहेबाच्या जेवनाचा डबा मांडीवर घेऊन बसला होता बिचारा. आमच्याच बडनेऱ्याचा. जातायेता मले म्हने, पार्बते, पान खिलव. — असा धडाका झाला भाऊ, का मले वाटलं इंजीनच फुटलं. काचा काय, धूर काय, लोकं बोंबलून राहिले, गाडी सरकत सरकत थांबाच्या बेतात. तानुबाई भाजीवाली मेथीच्या टोपल्याखाली घुसली — मानूस टोपल्याखाली मावते का? पन घुसली. कापसाच्या जिनातला चंद्रभान मिस्तरी, रोज मिशीले पीळ देऊन देशासाठी मराच्या गोठी करे, तो दारातून उडी टाकून पार वावरात. अन् वामनराव? वामनराव छतरी घेऊन बाकाखाली टोचून राहिले! या बाकाखाली, त्या बाकाखाली. मी वरडली, वामनराव, आता तरी सापाचं राहू द्या! अन् तेवढ्यात माह्याच बाकाखाली वाजलं — खन्न.

टिनाचा डबा होता. नव्या मांजरपाटात बांधेल. आतून सुर्र सुर्र आवाज, दिवाळीचा अनार पेटाच्या अगोदर करते तसा. वामनराव लटलट कापले, 'देवा देवा' म्हनले, डोळे मिटले, अन् कसाबसा उचलून देला खिडकीबाहीर फेकून. वरच्यावर फुटला. उजव्या हाताची दोन बोटं गेली त्याहिची. आमाले कोनाले काई नाई — माह्या पायाले काच लागली, हे पाहा, एवढीच निशानी. सूर्यभान मातर जागीच गेला.

मंग चार रोज कोनी गाडीत बसलं नाई. कोनी बैलाच्या दमनीनं, कोनी पायी. पन पायी किती दिवस जाता? हळूहळू आले सारे. अन् आले तं तोंडाले कुलूप कोनाच्या? चंद्रभान म्हने, ज्यानं ठेवला तो वाघाचा बच्चा. कोनी म्हने, चौकात फाशी द्या त्याले. एक म्हने, साहेबाले अगोदरच खबर होती, म्हनून मोटारीनं गेला. बडनेरा ते अमरावती निस्ती वकिली! तानुबाई मेथी निवडत बसली होती, ऐकत होती. मंग म्हनते, "चंद्रभान, एक सांग बापा. आपला सूर्यभान कोन्या विलायतेचा साहेब होता?" चंद्रभाननं मिशीचा हात काढून घेतला.

पन पोलिसाले कोनी तरी पाह्यजे होता न. ठेवनारे सापडले नाईत, आजलोक नाईत सापडले. मंग त्याहिनं इचार केला, का एक बॉम फुटल्यावर दुसरा हाय हे या अर्जनविसाले कसं समजलं? यानंच ठेवले, अन् मरायची पाळी आल्यावर फेकला. झालं. दवाखान्यातून सरळ कोठडीत. हाताची पट्टी बी सुटेल नव्हती. मी दोनदा दही घेऊन गेली, तं शिपायानं हाकलून देली — म्हनजे मी त्याच रस्त्यानं जात होती म्हनून गेली, मुद्दाम नाई.

मोरोपंत वकिलानं खटला घेतला. ते आले बडनेऱ्याच्या फलाटावर, आमाले जमवलं, म्हने, "हे पाहा, बॉम ठेवणाऱ्याला काळीज लागतं. वामनराव किती भित्रे आहेत, तेवढं फक्त कोर्टाला सांगा." मंग काय, भाऊ! सारा डबा अमरावतीच्या कोर्टात. तानुबाईनं मांजरीचं सांगतलं. चंद्रभाननं वैशाखातल्या मफलरचं सांगतलं — सोता पऱ्हाटीत लपला होता, ते नाई सांगतलं. लोकं हासून हासून लोळले, मॅजिस्ट्रेट साहेब रुमालाआड हासला. अन् वामनराव उभे पिंजऱ्यात, हाताले चिंध्या बांधेल, खाली मान घालून ऐकून राहिले. मंग माही पाळी आली. मी तं सापाचं सांगतलं, शिट्टीचं सांगतलं, पाऊस आला का दोन दोन धोतरं नेसतात ते सांगतलं, चहा फुकून फुकून पानी करून पेतात ते सांगतलं. सरकारी वकील मले म्हने, "बाई, या माणसाचं तुम्हाला इतकं कसं ठाऊक? तुमचं त्यांचं नातं काय?" मी पदर नीट केला, भाऊ. मी म्हनलं, "एकाच डब्यातले होय आमी." — त्याच्यावर जे हासले लोकं!

सुटले न. सुटनारच. बाहीर आले तं सारे पाठीवर थापा मारून राहिले, काय वामनराव, कसे वाचवले! त्याहिनं साऱ्याले हात जोडले, पट्टीचा हात वर करून. माह्यापाशी आले तं म्हनले, "पार्बताबाई, छान बोललात." बस एवढंच. हासले बी. पन ते गालाची खळी नाई पडली.

— काय म्हनता? हां, चालली गाडी. — काय? वावरातल्या बायांले लागलं नाई का? अच्छा प्रश्न करता तुमी. नाई लागलं, कसं लागन? धडाका ऐकून त्या या अंगानं गाडीकडं धावत येत होत्या न, म्हनून तं वामनरावानं डबा त्या अंगाच्या खिडकीत नेला. अन् तिकडं गुराखी, गायी अगदी रुळाले लागून. तं थांबले. गाडी सरकून राहिली, डबा सुर्र सुर्र करून राहिला, अन् हा मानूस छातीशी धरून उभा, खिडकीतून पाहून राहिला — गायी मागं पडू द्याव्या म्हनून. मले म्हनले, "पार्बताबाई, तुम्ही खाली वाका." अशा आवाजात, जसं कोनी जरा पानी मांगते. हात तसूभर हालत नव्हता. गायी मागं गेल्या, तवा फेकला. अगोदर फेकला असता तं बोटं राह्यली असती…

— काय? डोळे मिटेल होते म्हनलं मी? लटलट कापत होते म्हनलं? — म्हनलं असन. लय ध्यान देऊन ऐकता भाऊ तुमी. — नाई, कोर्टात नाई सांगतलं हे. कसं सांगू? असा धीराचा मानूस हाय म्हनलं असतं तं सरकारी वकिलानं तिथंच धरलं असतं, का पाहा, बॉम हातात घेऊन उभा राह्यते, याले सवय हाय. काळीज हाय म्हनलं असतं तं फासावर नेला असता त्याले. मंग मी म्हनलं, रडत होता. शपथ घेऊन म्हनलं, रडत होता, धोतर सावरत होता, आपल्या हातात काय हाय हे बी त्याले समजत नव्हतं. सारे हासत होते, अन् त्याहिनं एकदाच मान वर केली तवा. माह्याकडं पाह्यलं. मीनंच इकडं तोंड फिरवलं.

लिहाचा हात कामातून गेला तं वामनराव अर्ज कसे लिहितीन? बहीन आली अन् घेऊन गेली अकोल्याले. ताजनापेठेत राह्यते म्हनतात. डाव्या हातानं अक्षर गिरवून राहिले म्हने, लेकरासारखं. तानुबाईचा जावई पाहून आला. या गाडीत मातर पुन्हा नाई आले. — मले कायचं वाईट वाटते? दही विकावं का मानसं मोजत बसावं? उलट बरं झालं, पाय लांब करून बसता येते आता.

— हे घ्या, आलं तुमचं बडनेरा. तुमाले कुठं जायचं पुढं? मुंबईकडं? — अकोल्याले?

— अकोल्याले चालले तुमी? नोकरीवर? म्हनजे राहानारच तिथं… ऐका, भाऊ. ताजनापेठ काई लांब नाई ठेसनापासून. कोनाले बी विचारजा, वामनराव अर्जनवीस म्हनून, सांगतीन. तं त्याहिले म्हना — म्हना का बडनेऱ्याची पार्बता भेटली होती. म्हना का तिनं पाह्यलं होतं. त्या गायी, अन् तो हात, सारं पाह्यलं होतं, डोळे भरून. कोर्टात जे म्हनलं ते… म्हना, का तिले —

नाई. राहू द्या. काई सांगू नका त्याहिले.

— जा न. मेल लागली तुमची. माह्या तोंडाकडं काय पाहून राहिले? उतरा!