माहेरी आणायला

पंचफुला : म्हंजे मुंबईच्या ठकूबाईच्या त्या पत्राले तुमी उत्तर देल्लंच नाई? वर्ष होत आलं, अजी!

डोमाजी : लिवाले बसलो होतो व. पन वरचा मायनाच जमेना. नमस्कार लिहू का जयभीम लिहू? आपन दीक्षा घेतली, हे तिले माईतच नाई.

पंचफुला : थे तुमाले काय म्हनते?

डोमाजी : दादा. मानलेला भाऊ ना मी तिचा.

पंचफुला : त ताई लिवा. झाला मायना. एवढाली पुस्तकं वाचता, अन् इथंच अडता!

डोमाजी : मायन्याचं निभते. त्याच्या खालचं अवघड आहे.

पंचफुला : वाचा बरं पुन्हा. तवा मी चूल फुकत होती, अर्धंच आयकलं.

डोमाजी : आयक. “दादा, तू गिरणीत होतास तेव्हा आमच्या पडवीत राहायचास, तो कोळीवाडा आता राहिला नाही. उपनगर म्हणतात त्याला. दार उघडलं की खाडी दिसायची, तिथं इमारत आली. बोंबील वाळत घालायच्या वलांडी काढायला लावल्या. वरच्या बायका वास येतो म्हणून खिडक्या लावून घेतात. यंदा भाऊबीजेला ये. घर तुला ओळखू येणार नाही, म्हणून मी स्टेशनावर उभी राहते.”

पंचफुला : थांबा. थे उभी राह्यली असन?

डोमाजी : तेच मले खाते.

पंचफुला : येत नाई, एवढं तरी लिवाचं!

डोमाजी : अन् कारन काय लिवाचं? भाऊबीज सोडली, असं? तिले वाटलं असतं, दादानं मलेच सोडलं. बरं, जाऊन पाटावर बसलो असतो, त वस्ती म्हनते, पाह्यलं का डोमाजीले! सभेत पुस्तक वाचून दाखवते, अन् मुंबईले जाऊन ओवाळून घेते.

पंचफुला : सन सोडले जी आपन. बईन सोडाले कोन सांगतलं?

डोमाजी : मंग लिवतो. हिवाळ्यात इकडं ये म्हनून.

पंचफुला : ये म्हनून? माहेरी असं बलावते का कोनी? माया भाऊ मारेगाववरून मले आनाले येते, का कार्ड टाकते?

डोमाजी : मी जाऊ? एकटा? मूर्तिजापूरले गाडी बदलाची, थे मुंबईची गर्दी… अन् तिचं घर नाई सापडलं त?

पंचफुला : बोंबलाचा वास घेत जा. सापडते.

डोमाजी : तुले मजाक सुचते.

पंचफुला : मजाक नाई. तिचं सासर थेच, माहेर थेच. अन् थे गावच इमारतीखाली गेलं. चार दिवस कोठं जाईन थे?

डोमाजी : इथं करमन का तिले? ना खाडी, ना होडी.

पंचफुला : अडान नदीतल्या मासोळ्या आनून देऊ. वाळवन आंगनात. आपल्या उन्हाच्या आड कोनाची इमारत येत नाई.

(तिसऱ्या दिवशी, गावातल्या पत्रपेटीपाशी. मारोती डाकवाला थैलीत पत्रं भरतो आहे.)

मारोती : द्या ना काकाजी. पत्र धरून उभे काहून?

डोमाजी : थांब गा. एकदा पायतो.

पंचफुला : सकाऊन तेच करून राह्यले. “आणायला येतो” लिवते, खोडते, पुन्हा लिवते.

मारोती : काकाजी, मोठ्यानं वाचा. मी सांगतो, धाडाचं का नाई थे.

डोमाजी : “ठकूताईस डोमाजीचा जयभीम. आम्ही पाच वर्षांपूर्वी बौद्ध झालो, सण करीत नाही. हे मागच्याच वर्षी कळवायला हवं होतं. माझं चुकलं. कापसाचा पहिला वेचा झाला की मी तुला माहेरी आणायला येतो. स्टेशनावर उभी राहू नकोस. घर मी शोधीन.”

मारोती : बस? एवढंच?

डोमाजी : कमी झालं का रे?

मारोती : नाई, नाई. पुरते. पन पत्त्यात नुसतं कोळीवाडा नोका लिवू. उपनगर लिवा, नाईतर भटकत राहीन.

डोमाजी : दोन्ही लिवलं. आधी कोळीवाडा, मंग उपनगर.

पंचफुला : द्या आता हातचं.

डोमाजी : हे घे गा, मारोती. …वापस मागतलं त?

मारोती : आता नाई भेटत. थैलीत गेलं, सरकारचं झालं.

डोमाजी : बरं झालं.