कोकणची कड

नागोराव: करवतीचं मशीन चांगलं हाये, मॅडम. ब्लेड चुकलं.

निशा: ब्लेड तुम्हीच दिलंत, नागोराव. मशीनबरोबर, याच दुकानातून, गेल्या शनिवारी.

नागोराव: तुम्ही म्हणाल्या, प्लाय कापायचाय. मला वाटलं, कपाटाची फळी असंल. हे काय कापून राह्यल्या तुम्ही?

निशा: सोलापूर जिल्हा.

नागोराव: आं?

निशा: मी कर्वेनगरला शाळेत भूगोल शिकवते. महाराष्ट्राचा नकाशा करतेय. प्रत्येक जिल्हा सुटा, उचलून पुन्हा जागेवर बसवता येईल असा.

नागोराव: छापील नकाशे बंद झाले काय?

निशा: माझ्या सहावीच्या वर्गात संस्कृती म्हणून मुलगी आहे. तिला दिसत नाही. बाकीचे नकाशा रंगवतात, तेव्हा ती तासभर हाताची घडी घालून बसते. परवा विचारलं तिनं, "बाई, कोकण लांबट म्हणजे कसं? दोरीसारखं की काकडीसारखं?" मला धड सांगता येईना.

नागोराव: आणा तो सोलापूर इकडं. अरे बापरे! कड हाये का करवंदीचं झुडूप! यावर त्या पोरीनं बोट फिरवलं, तर कुसळच घुसंल.

निशा: म्हणून तर मशीन परत द्यायला आले. जमत नाही मला. एकानं सांगितलं, चांगली बाजू खाली ठेवून कापा. मागच्या बाजूला नकाशा काढून तसं केलं. उलटून बघते, तर अरबी समुद्र नागपूरच्या पलीकडे.

नागोराव: भूगोलाच्या बाई ना तुम्ही?

निशा: हसून घ्या.

नागोराव: हसत नाई. हे बघा, हे ब्लेड वर येताना कापते, म्हणून वरची बाजू फाटते. त्यात तुमचं मोठ्या दातांचं. फळी सरळ फाडायला ठीक, वळणावर आडवं येते. हे घ्या, बारीक दातांचं. पातं किती अरुंद हाये बघा. हे वळते. अन् रेघेवर कागदी टेप चिकटवा, मग फाटत नाई.

निशा: सरळ हद्दींनाही हेच?

नागोराव: तिथं हे दुसरं. याचे दात उलटे, खाली जाताना कापते. वरची कड साफ. फक्त मशीन उसळते, दाबून धरा. थांबा... हा खालचा पत्रा तिरका हाये. स्क्रू ढिला. तुमचा जिल्हा एकाच बाजूनं बसत असंल?

निशा: हो! वरून बसतो, खालून अडकतो. मला वाटलं माझाच हात तिरका.

नागोराव: हात नाई, पत्रा. विकायच्या आधी मी बघायला पाहिजे होतं. चूक माझी. आता झाला काटकोनात. घ्या, कापा.

निशा: इथे?

नागोराव: इथंच. चष्मा लावा डोळ्यांना. तुम्ही आणलेला नकाशाचा प्लाय टेबलाला आवळलाय मी. कुठून सुरू करता?

निशा: डहाणूपासून खाली. सगळ्यात अवघड तेच आहे.

नागोराव: आधी मशीन चालू, मग लाकडाला लावा. हां. ढकलू नका. जळका वास येऊन राह्यला, म्हणजे घाई होते.

निशा: मुंबई गेली... अलिबाग... आता इथे खाडी आहे, वळणच बसत नाही.

नागोराव: सोडा खाडी. कोण विचारते?

निशा: ती विचारेल.

नागोराव: मग समुद्राच्या बाजूनं दोन-तीन सरळ काप घ्या खाडीपर्यंत. तुकडे गळून पडतील, ब्लेडला जागा होईल. शाबास! आता वळवा.

निशा: रत्नागिरी... मालवण... सुटला! नागोराव, अख्खा किनारा सुटला!

नागोराव: बोट फिरवा.

निशा: एक कुसळ नाही हो!

(दीड महिन्यानंतर, बिबवेवाडीतलं तेच जुन्या हत्यारांचं दुकान.)

संस्कृती: काका, ब्लेडवाले तुम्हीच ना? मी संस्कृती. पहिली आले.

नागोराव: कशात गं?

निशा: सगळ्या वर्गाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि एकेकाला नकाशा जुळवायला दिला. दरवर्षी पहिला येणारा सार्थक, त्याला वीस मिनिटं लागली. हिला सहा.

संस्कृती: पाच. बाईंचं घड्याळ जोरात पळतं. आणि सार्थकनं नंदुरबार कोल्हापूरच्या खाली कोंबलं होतं.

निशा: काल नकाशाच्या तासाला हिच्या बाकाभोवती गर्दी. मला आत शिरायला जागा नाही.

संस्कृती: काका, तुमचं गाव कुठलं?

नागोराव: वाशीम जिल्ह्यातलं. सोडून चाळीस वर्षं झाली.

संस्कृती: बाई, नकाशा काउंटरवर ठेवा ना. काका, डोळे मिटा. पूर्ण मिटा हं, मला कळतं. बोट द्या. हे पुणे.

नागोराव: बरं.

संस्कृती: आता माझ्या बोटामागून या. ही फट ओलांडली की अहिल्यानगर. मोठं आहे, संपता संपत नाही. हे बीड. परभणी. जरा वर... हिंगोली.

नागोराव: हं. अन् मंग?

संस्कृती: उतरा, काका. वाशीम आलं.